सुतार निवडताना: कपाटाच्या फटीतला इतिहास



बरेच दिवस इथं काही लिहिलं नाही, कारण घरात सुतारकाम काढलंय. ओट्याखालच्या ट्रॉल्या, डाळी-कडधान्याचं उभं कपाट, शुद्धीच्या भांड्यांचा वेगळा कप्पा आणि ग्रंथांचं कपाट एवढं सगळं नव्यानं करायचं आहे. चार सुतार येऊन मोजमापं घेऊन गेले. चौघांनीही आधी रंगांचे नमुने दाखवले, मग दर सांगितला, मग किती दिवसांत काम होईल ते सांगितलं. सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "सरस वापरणार काय रे बाबा?"

त्यातल्या तरुण सुताराला सरस म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. तो हसला. मलाही तेव्हा हसू आलं, पण रात्री मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. आपल्या आधीच्या बायका सुताराला काय विचारत होत्या आणि आपण काय विचारतो, यात केवढा फरक पडलाय, असं वाटत राहिलं. मग वाचत गेले, आणि वाचता वाचता कपाटाचा इतिहास आपल्या धर्माच्या किती जवळून जातो ते कळलं. तोच आज तुमच्यासमोर मांडते.

आधी माझी चूक सांगते

सहा वर्षांपूर्वी आम्ही तयार ट्रॉल्या बसवल्या होत्या. तीन दिवसांत काम झालं, स्वयंपाकघर चकचकीत दिसायला लागलं. दोन पावसाळे गेले आणि सिंकखालचा भुशाचा बोर्ड फुगला, कडेची पट्टी सुटली. मागच्या बाजूला भिंत आणि कपाट यांच्यामध्ये बोटभर फट होती, ती आम्हाला बसवताना दिसलीच नव्हती. अंधार, ओल आणि अन्नाचे कण. झुरळं झाली.

दशलक्षण पर्वाला आठ दिवस उरले होते. त्या वर्षी गावात मुनिसंघाचा चातुर्मास होता आणि आमच्याकडे चौका लावायचा होता. असल्या स्वयंपाकघरात आहार कसा करायचा, म्हणून मीच फोन करून फवारणीवाल्याला बोलावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी झाडू घेतला आणि एक शब्दही न बोलता सगळं गोळा केलं. त्या दिवशी त्यांनी उपवास केला. संध्याकाळी मी जवळ जाऊन बसले तेव्हा एवढंच म्हणाल्या, "घर बांधणं, दुरुस्त करणं ही आरंभी हिंसा. संसारात ती सुटत नाही. पण मारायलाच माणूस बोलावला, ती कुठली म्हणायची?"

आपण लहानपणी पाठशाळेत हिंसेचे चार प्रकार पाठ केलेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. गृहस्थानं संकल्पी सोडायची आणि बाकीच्या तिन्ही जमतील तेवढ्या कमी करायच्या. परीक्षेत मला त्यावर पैकीच्या पैकी गुण होते. सासूबाईंच्या प्रश्नाला मात्र उत्तर सुचलं नाही. म्हणून या वेळी ठरवलं, औषधाची वेळच येणार नाही असं कपाट करून घ्यायचं. आणि तसं कपाट करणारा माणूस शोधायचा.

सांधा कशाचा?

आता सासूबाईंच्या सरसाकडे येऊ. सरस म्हणजे जनावरांचं कातडं, हाडं उकळून केलेला गोंद. जगभरच्या सुतारांचा हा हजारो वर्षांचा सोबती. इजिप्तमध्ये तो वापरात होता, युरोपातल्या राजवाड्यांतल्या फर्निचरमध्येही तोच होता. आपल्याकडेही सुतार मोठ्या भांड्यातल्या गरम पाण्यात छोटं भांडं ठेवून सरस पातळ करायचे. सासूबाई सांगतात, त्यांच्या माहेरी सुतार अंगणात बसला की तो वास घरात यायचा, आणि त्यांची आई दार लावून घ्यायची. देवघराचं काम असेल तर आई आधीच बजावायची, "देवघराला सरस नको." मग सुतार एका लाकडाला जीभ काढायचा, दुसऱ्याला खाच पाडायचा, दोन्ही ठोकून बसवायचा आणि वरून लाकडी खुंटी मारायचा. या सांध्याला गोंद लागत नाही. वेळ मात्र जास्त लागतो आणि हात तयार असावा लागतो.

पॉलिशची गोष्टही अशीच. जुन्या फर्निचरवरची ती सुंदर तकाकी लाखेची. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या बारीक किड्यांनी सोडलेली राळ; ती फांद्यांवरून खरवडून काढताना किडेही जातात. आपल्या श्रावकाचारात पंधरा निषिद्ध व्यवसाय सांगितले आहेत, त्यांत लाखेचा व्यापार स्पष्ट येतो. जंगल तोडून उपजीविका करणारं वनकर्मही त्यातच येतं. म्हणजे लाकडाच्या धंद्यातली हिंसा कुठं कुठं लपलेली असते, याचा विचार आपल्या आचार्यांनी फार पूर्वी करून ठेवला आहे.

मग हे सरस गेलं कुठं? प्लायवूड आलं तेव्हाही ते लगेच शुद्ध नव्हतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात लाकडाचे पातळ थर एकमेकांना चिकटवायला दुधातलं केसिन आणि कत्तलखान्यातून येणाऱ्या रक्तातलं अल्ब्युमिन वापरत. १९३० नंतर रसायनशाळेत तयार झालेली फॉर्माल्डिहाइडची रेझिनं आली आणि रक्त मागे पडलं. सुताराच्या हातातला गोंद बदलायला आणखी वेळ लागला. पॉलिव्हिनाइल ॲसिटेट या पदार्थाचा शोध जर्मनीत १९१२ साली लागला होता. आपल्याकडे तो पांढऱ्या गोंदाच्या रूपात घरोघर पोचवला फेविकॉलनं, १९५९ पासून. तो सुरू करणारे बळवंतराय पारेख गुजरातमधल्या महुव्याचे. उमेदीच्या काळात त्यांनी मुंबईत एका लाकूड व्यापाऱ्याकडे शिपायाची नोकरी केली होती. सुतारांचे कष्ट त्यांनी जवळून पाहिले होते. ना भांडं उकळायला हवं, ना वास. सुतारांनी सरस सोडलं ते सोयीसाठी. आपल्या घरांतून एक हिंसा मात्र त्याबरोबर आपोआप गेली.

म्हणून त्या तरुण सुताराला सरस माहीत नसणं ही खरं तर आनंदाची गोष्ट. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं झालं. पण आपण विचारायचं सोडायचं नाही." त्यांचं बरोबर आहे. आज प्रश्न बदललाय इतकंच. आता विचारायचं ते पॉलिश लाखेचं की दुसरं, आणि प्लायमध्ये कुठलं औषध भरलंय. दुकानदार 'वाळवीप्रूफ' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ खाणारा जीव मरेल असं औषध आधीच लाकडात मुरवलंय, असा होतो. ओल्या जागी कधी कधी त्याला पर्याय नसतो. पण निदान माहीत असावं, आणि गरज नसेल तिथं घेऊ नये.

काम कोण बघणार?

दुसरी गोष्ट अहमदाबादची. तिथल्या दिल्ली दरवाजाबाहेर हठीसिंगची वाडी म्हणून पांढऱ्या संगमरवराचं मोठं जिनालय आहे, पंधरावे तीर्थंकर धर्मनाथ भगवंतांचं. आपण दिगंबर, ते श्वेतांबर मंदिर. पण पाहायला जरूर जावं. शेठ हठीसिंग केसरीसिंग यांनी ते बांधायला घेतलं आणि १८४५ मध्ये ते वारले. अर्धवट काम, मोठा खर्च आणि शेकडो कारागीर. ते सगळं हाती घेतलं त्यांच्या पत्नीनं, हरकुंवर शेठाणींनी. प्रेमचंद सलाट या स्थपतीकडून त्यांनी काम पुरं करून घेतलं आणि १८४८ मध्ये प्रतिष्ठा झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एका विधवा बाईनं एवढं बांधकाम पार पाडलं, हे वाचून मी थांबलेच. आम्ही सुतार ठरवायचा म्हटलं की "घरातल्या पुरुषमाणसांना विचारते" म्हणतो.

त्याच हठीसिंग घराण्यातल्या मगनभाईंनी १८८१ मध्ये लॉकवूड डी फॉरेस्ट या अमेरिकन कलावंताबरोबर अहमदाबादेत लाकडी कोरीवकामाचा कारखाना काढला. तिथल्या मिस्त्रींनी सागावर काढलेली नक्षी न्यूयॉर्कच्या श्रीमंतांच्या घरांत गेली. अँड्र्यू कार्नेगीच्या वाड्यातली सागवानी खोली आजही तिथं आहे, आता त्या वाड्यात संग्रहालय आहे. पाटणच्या वाडी पार्श्वनाथ मंदिरातला सोळाव्या शतकाच्या अखेरचा कोरीव लाकडी मंडपही न्यूयॉर्कच्याच मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. डी फॉरेस्ट बंधूंनी तो १९१६ मध्ये तिथं दिला.

तो मंडप सागाचा आहे. सवाचारशे वर्षं झाली तरी टिकलाय. सागात नैसर्गिक तेल आणि असे घटक असतात की वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. औषध न मारता जीव दूर राहतात. हे वाचलं आणि माझं लक्ष आमच्या मागच्या खोलीत गेलं. तिथं आजेसासऱ्यांच्या वेळचं धान्याचं कपाट उभं आहे, एक दार निखळलेलं, वर कसले कसले रंग चढवलेले. मोजमाप घ्यायला आलेल्यांपैकी तिघं त्याला म्हणाले, "हे भंगारात घाला वहिनी." चौथे वयस्कर मिस्त्री होते. त्यांनी बोटानं दोन ठिकाणी टकटक केलं, कोपऱ्यात पटाशीनं थोडा रंग खरवडला, नाकाशी नेलं आणि म्हणाले, "आक्का, हे जुनं सागवान आहे. एवढं पिकलेलं लाकूड आता विकत मिळणार नाही. फळ्या काढून रंधून घेतो, तुमच्या ग्रंथांच्या कपाटाला पुरतील."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. जुन्या फळ्या वापरल्या तर नवं झाड तोडावं लागत नाही. वनकर्माचा एवढा साधा उपाय घरातच पडून होता.

पिठाचा डबा ओकचा का?

तिसरी गोष्ट दूर जर्मनीतली, पण आपल्या अगदी कामाची. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो, त्याची आजी म्हणजे फ्रँकफर्टचं स्वयंपाकघर. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी ते आखलं. साधारण १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब एवढीच जागा. पण कुठली वस्तू कुठल्या हाताला यावी याचा विचार करून प्रत्येक कप्पा मापानं केलेला. कामगारांच्या सुमारे १०,००० घरांत ते बसवलं गेलं.

त्यातल्या दोन गोष्टी मला फार आवडल्या. पिठाचे डबे त्यांनी ओक लाकडाचे केले, कारण ओकमधल्या टॅनिनमुळे पिठातल्या अळ्या दूर राहतात. आणि कपाटांना निळसर-हिरवा रंग दिला, कारण त्या रंगावर माश्या बसत नाहीत असं तेव्हा मानत. रंगाचं खरंखोटं राहू दे. पण विचार बघा. जीव आल्यावर काय मारायचं, हा प्रश्नच नाही. जीव येऊ नये म्हणून काय करायचं, हा प्रश्न. त्या बाईंना आपला धर्म माहीत असायचं कारण नाही, तरी आपल्या यत्नाचाराशी किती जुळतं हे! पुढं ही स्वयंपाकघरं कारखान्यांतून निघू लागली, जगभर गेली, स्वस्त झाली, आणि ओकचा डबा मात्र वाटेतच कुठंतरी राहून गेला. सुबकपणा आला, विचार गेला. माझ्या फुगलेल्या ट्रॉल्या त्याच वाटेवरच्या.

उघडलं की दिसलं पाहिजे

मुनींच्या पाच समितींमध्ये एक आदान-निक्षेपण समिती आहे. वस्तू उचलताना आणि ठेवताना आधी बघायचं, पिच्छीनं जागा हळुवार झाडायची, मगच हात लावायचा. आपण श्राविका, आपल्याला ती पूर्ण पाळणं शक्य नाही. पण विचार करा, आपण दिवसातून किती वेळा कपाटात हात घालतो? आणि किती वेळा आत बघून घालतो? माझ्या जुन्या ट्रॉल्यांत मागचा कोपरा दिसतच नव्हता. जे दिसत नाही तिथं यत्न कसा करणार? कपाटच असं असेल की आत अंधार, तर दोष निम्मा हाताचा आणि निम्मा कपाटाचा.

ग्रंथांच्या बाबतीत आपल्या पूर्वजांनी याची सोय सणातच करून ठेवली. श्रुतपंचमीला, ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, आपण जिनवाणी बाहेर काढतो, वेष्टन बदलतो, कप्पा पुसतो. वर्षातून एकदा तरी कपाट पूर्ण रिकामं व्हायलाच हवं, असा तो नियम. मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत धवला, जयधवला ताडपत्रांवर शतकानुशतकं टिकल्या आणि त्यामुळंच १९३९ पासून डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून षट्खंडागम छापून आपल्या हाती येऊ लागला. ताडपत्राला कसर लागते, भुंगा लागतो, ओल लागते. ती टिकली त्यामागं कुणीतरी पिढ्यानपिढ्या पेटी उघडून बघत होतं, झाडत होतं. पेटी करणारा सुतार आणि ती उघडणारे हात, दोघांची नावं कुठं लिहिलेली नाहीत.

मग मी कुणाला निवडलं?

तुम्ही ओळखलंच असेल. लाकडाचा वास घेणाऱ्या त्या मिस्त्रींना. त्यांचा दर सगळ्यांत कमी नव्हता आणि काम तीन आठवड्यांचं होणार होतं. पण निवडण्याआधी मी त्यांना, आणि खरं तर चौघांनाही, काही गोष्टी विचारल्या. तुमच्यापैकी कुणी काम काढणार असेल तर उपयोगी पडतील म्हणून सांगते.

पहिलं, त्यांनी पूर्वी केलेलं एखादं काम बघायला मागितलं, आणि तेही नवं नव्हे, पाच-सहा वर्षं वापरातलं. नवीन काम सगळ्यांचंच छान दिसतं. त्या घरातल्या ताईंनी सिंकखालचं दार मला स्वतः उघडून दाखवलं. तळ कोरडा होता, कडा शाबूत होत्या.

दुसरं, भिंत आणि कपाट यांच्यामधली फट कशी बंद करणार? एकानं सांगितलं, "पुढून दिसत नाही हो ते." मिस्त्री म्हणाले, "भिंत कुठं सरळ असते? पट्टी भिंतीच्या आकाराला घासून बसवावी लागते, त्याला अर्धा दिवस जातो." तो अर्धा दिवस मला हवा होता.

तिसरं, तळाचे कप्पे जमिनीपासून वर, आणि खालची पट्टी काढता येणारी, म्हणजे आत झाडू जाईल. चौथं, डाळींच्या कपाटाला बाहेर पूर्ण ओढता येणारे कप्पे, शेवटच्या डब्यापर्यंत नजर जाईल असे. पाचवं, सिंकखाली भुशाचा बोर्ड नाही. आयएस ७१० खुणेचं प्लायवूड, आणि तेवढ्याच जागी. वरच्या कोरड्या कप्प्यांना साधं चालतं. आणि प्रत्येक कापलेली कड बंद, मागची, खालची, न दिसणारीसुद्धा. पाणी आणि किडा दोघंही उघड्या कडेतूनच आत जातात.

शेवटचं, पैसे. सगळा ॲडव्हान्स आधी दिला नाही. लाकूड आणल्यावर काही, सांगाडा उभा राहिल्यावर काही, आणि उरलेले पहिल्या पावसानंतर. हे ऐकून एक सुतार उठूनच गेला. मिस्त्रींनी मान हलवली, म्हणाले, "चालेल. पावसातच काम कळतं."

ग्रंथांचं कपाट सगळ्यांत शेवटी झालं. सासूबाई खुर्ची टाकून समोर बसल्या होत्या. मिस्त्रींनी आजेसासऱ्यांच्या फळ्या रंधल्या तसं आतून मधासारखं लाकूड बाहेर आलं. चौकटीला जीभ-खाच करून लाकडी खुंट्या मारल्या. गोंदाचा डबा शेजारीच होता, पण त्यांनी तो उघडला नाही. वर लाखेऐवजी जवसाच्या तेलाचा हात दिला. सासूबाईंनी काही सांगितलं नव्हतं. काम झाल्यावर त्याच म्हणाल्या, "सरस माहीत होतं वाटतं तुम्हाला." मिस्त्री हसले. "आमचे वडील करायचे आक्का जैनांच्या घरी कामं. देवघर असलं की भांडं घरीच ठेवून यायचे."

झुरळांच्या त्या सकाळचं प्रायश्चित्त एका कपाटानं होत नाही, हे मला कळतं. त्याची आलोचना मी रोजच्या प्रतिक्रमणात करते. पण परवा पहिला मोठा पाऊस झाला. मी बॅटरी घेऊन खाली बसले, सिंकखालची पट्टी काढली आणि मागच्या कोपऱ्यापर्यंत बघितलं. कोरडं होतं. काहीच नव्हतं तिथं. सासूबाईंना हाक मारून दाखवलं. त्यांनी वाकून बघितलं, पदरानं कडा पुसली आणि म्हणाल्या, "आता मिस्त्रींचे राहिलेले पैसे देऊन टाक."

तुमच्याकडे काम निघालं तर सुताराला काय काय विचारलंत, मला नक्की सांगा. आणि घरात एखादं जुनं सागवानी कपाट पडून असेल, तर भंगारात घालण्याआधी एकदा खरवडून बघा.

जय जिनेंद्र.